मातीची ने-आण

बुरुज बुटका होत चालला आहे, हे माझ्या लक्षात आले ते सायकलवरून. पायी जाणाऱ्याच्या ध्यानात ते आले नसते. पायी माणूस कधी थांबतो, कधी बोलण्याच्या नादात तसाच पुढे जातो. सायकलवरचा माणूस मात्र रोज त्याच उंचीवरून, जवळपास त्याच वेगाने तीच वस्तू मागे टाकतो, आणि त्या वस्तूत झालेला बदल त्याला आधी दिसतो. त्या उन्हाळ्यात एका सकाळी बुरुजाच्या जंग्या माझ्या डोळ्यांच्या रेषेत आल्या. जंग्या म्हणजे आतल्या माणसाला बंदूक रोखता यावी म्हणून भिंतीत ठेवलेली अरुंद भोके. मागच्या साली त्या माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर होत्या. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांतल्या एकीत साळुंकीचे घरटे होते आणि ते पाहण्यासाठी मला मान वर करावी लागे.

माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयात गेली. मी वकील नव्हतो. वकिलांनी दाखल केलेले कागद तपासून, क्रमाने लावून, त्यांतल्या उणिवा दाखवणारा कर्मचारी होतो. त्या कामाने मला एक गोष्ट शिकवली. दोन विधाने एकमेकांशी जुळत नसतील तर त्यांपैकी एक खोटे असते, आणि खोट्या विधानामागे बहुधा कोणाचा तरी फायदा असतो. बुरुज उंच होता. बुरुज उंच नाही. मधल्या काळात कोणाचा फायदा झाला, एवढेच शोधायचे होते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, परंतु काठ आहे. मोताळ्याच्या बाजूला धरणाचे पाणी पसरलेले आहे आणि त्याच्या कडेकडेने मुरुमाचा एक सपाट रस्ता जातो. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला शेते. हा पट्टा जुन्या काळी फौजांच्या वाटेवरचा. रोहिणखेडच्या घाटाने जा-ये करणारी सैन्ये याच सपाटीवर येत. पुढे पेंढाऱ्यांच्या टोळ्याही आल्या. म्हणून इथल्या खेड्यांनी आपापल्या गढ्या बांधल्या, तट घातले, बुरुज उभारले. धरण झाले तेव्हा खेडी पाण्याखाली गेली, पण गढ्या उंचवट्यावर असल्याने त्यांचे अवशेष काठावर राहिले. आज त्या रस्त्याने जाताना आधी एक वेस लागते, जिच्या आत गाव नाही. मग तटाचा एक तुकडा लागतो. तो उतारावरून सरळ पाण्यात शिरतो आणि पुन्हा बाहेर येत नाही. सर्वांत शेवटी हा बुरुज, एकटा, उजव्या हाताच्या शेतात.

रस्त्याच्या तोंडाशी कोणीतरी एक फलक लावला आहे. ‘काठ सायकल मार्ग. ऐतिहासिक व निसर्गरम्य.’ फलक कोणी लावला, कोणत्या अधिकाराने लावला, त्याखाली काही लिहिलेले नाही. मी याबाबत निरनिराळ्या कार्यालयांना पत्रे लिहिली. काहींनी फलक आपला नसल्याचे कळवले, उरलेल्यांनी काहीच कळवले नाही. ज्या फलकाची जबाबदारी कोणी घेत नाही त्यावरील मजकुरावर मी विश्वास ठेवत नाही. निसर्गरम्य हा शब्द तर मला विशेष संशयास्पद वाटतो. ज्या भिंतीमागे माणसे जिवाच्या भीतीने बसली, तिला रम्य म्हणणाऱ्याला ती भिंत पाडणे जड जात नाही.

या रस्त्यावर रोज सकाळी माझ्यासोबत मास्तर असे. आम्ही एका शाळेत, एका बाकावर होतो. पुढे तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला, म्हणून मी त्याला मास्तर म्हणू लागलो. आणि मी न्यायालयात लागलो म्हणून तो मला, वकील नसतानाही, वकील म्हणू लागला. तो शेतकरी घरातला, मी कारकुनांच्या घरातला. त्याची सायकल गिअरची, मुलाने घेऊन दिलेली. माझी काळी, दांडीची.

“तुही सायकल म्हंजे खटला हाये बे,” तो म्हणे. “चालते कमी, वाजते लय.”

“आणि तुझी निकालासारखी,” मी म्हणे. “कोणाच्या बाजूने वळेल याचा भरवसा नाही.”

बुरुज ज्या शेतात उभा आहे ते शेत मास्तरचेच. सातबाऱ्यावर त्या बुरुजाची नोंद ‘पोटखराब’ अशी आहे. ज्या जमिनीत पीक येत नाही अशा खडकाळ, नाल्याच्या, दगडधोंड्यांच्या जागेला महसुली भाषेत पोटखराब म्हणतात. म्हणजे ज्या वास्तूने फौजा थोपवल्या ती शासनाच्या दप्तरी नापीक जागा ठरली. मी यावर अनेक अर्ज केले. मास्तरला त्याचे हसू येई. “बरोबरच लेह्यलं हाये,” तो म्हणे. “त्याच्यात काय ज्वारी येते का?”

त्याच शेताच्या वरच्या अंगाला मुरुमाचा एक तुकडा आहे. त्यात पावसाळ्यात तरोट्याचे तण तेवढे माजते. मास्तरच्या वडिलांनी त्यात जन्मभर नांगर मोडले. निवृत्त झाल्यापासून मास्तरच्या डोक्यात तो एकच तुकडा होता. “बापाच्या हयातीत तिथं काही उगलं नाही,” तो मला चढावर धापा टाकत सांगे. “मी जायच्या आत एक डाव तिथं तूर पाहीन. मंग ने म्हना मले कोनीही.” यासाठी तो दर उन्हाळ्यात धरणातला गाळ आणत असे. पाणी उतरले की धरणाच्या पोटातला काळा, मऊ गाळ उघडा पडतो. शेतकरी तो ट्रॉल्या भरभरून नेतात आणि हलक्या रानावर पसरतात. त्या वर्षी खालचे शेत पुरे झाले होते. आता वरच्या तुकड्याची पाळी होती, आणि पाणी परत चढायच्या आत ते काम उरकायचे होते.

बुरुजाबाबतचा माझा संशय कोठून सुरू झाला, ते सांगितले पाहिजे, नाहीतर तो वेडेपणा वाटेल. आमच्या भागात गढी मरते ती नेली जाऊन. गढीची माती पांढरी असते. धाब्याच्या घरांच्या छतावर ती थापली की पाणी झिरपत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गढ्या टोपल्यांनी उकरून नेल्या. आधी माती जाते, मग तिच्या आधाराने उभे असलेले दगड जातात. अमडापूरच्या बाजूला एका खेड्यात मी अख्खी गढी घरांच्या डोक्यांवर गेलेली पाहिली आहे. गावात विचारले तर म्हणत, गढी पडली. गढी पडत नसते. गढीला पाय नसतात, पण तिला घेऊन जाणाऱ्यांना असतात. तेव्हा बुरुज बुटका झाला, याचा अर्थ वरून कोणीतरी काहीतरी नेत होते, याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नव्हती. या जिल्ह्यात जन्मलेल्या कोणाच्याही मनात ती आली नसती.

मी पाहू लागलो. गाळाच्या ट्रॉल्या भरून येत आणि रिकाम्या परत जात. पण त्या खरोखर रिकाम्या जात होत्या का? मी एकदोनदा सायकलची हवा तपासण्याच्या निमित्ताने उतरून परतणाऱ्या ट्रॉलीत डोकावलो. तळाशी ओल्या गाळाचे थर होते, त्याखाली काय असेल ते दिसत नव्हते. मास्तर पुढे जाऊन थांबला होता.

“काय पाहून राह्यला?”

“काही नाही. हवा.”

“हवा ट्रॉलीत भरते का तुही?”

त्याने हा विनोद करून विषय संपवला, हीही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली. नंतर त्याच्या घरी चहाला बसलो असता मला अंगणातला नवा ओटा दिसला. काळ्या, घडीव दगडांचा. दगडांवर छिन्नीचे तिरपे घाव होते, जसे बुरुजावर आहेत. मी सहज विचारल्यासारखे विचारले, “दगड कोठले, मास्तर?”

“काऊन? तुले पाह्यजेत का?”

प्रश्नाला प्रश्नाने दिलेले उत्तर हे उत्तर नसते. साक्षीदार असे करतो तेव्हा न्यायाधीश त्याला थांबवतात. मास्तरला थांबवणारे तिथे कोणी नव्हते. वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, बशीत आणखी चहा ओतला आणि मी तो प्यायलो. घरी परतताना माझ्या मनात एक नाव होते, आणि ते मला घ्यायचे नव्हते.

म्हणून तक्रारीत मी ते घेतले नाही. ‘अज्ञात इसमांनी सदर ऐतिहासिक बुरुजाचे वरील बाजूने उत्खनन करून माती व दगड नेले असून बुरुजाची उंची लक्षणीयरीत्या कमी झाली आहे, सबब तातडीने स्थळपाहणी करावी,’ असे लिहून खाली माझे पूर्ण नाव, पत्ता आणि सही घातली. निनावी तक्रार मी कधीही केलेली नाही. अर्जाची बातमी शेताच्या मालकाला आधी द्यावी असा कोणताही नियम नाही, आणि चोरीचा माल कोणाच्या अंगणात आहे हे ठाऊक नसताना तशी बातमी देणे शहाणपणाचेही नव्हते.

तालुक्याचे कार्यालय एरवी माझ्या पत्रांना निवांत उत्तरे देते. या वेळी मात्र आदेश झटपट निघाला: पाहणी होईपर्यंत सदर गटात मातीची ने-आण बंद ठेवावी. या तत्परतेचाही मला संशय आला, पण तो वेगळा विषय.

दुसऱ्या सकाळी मास्तर नेहमीच्या वळणावर आला. वेस मागे पडली तेव्हा बोलू लागला.

“कोन्या तरी शहान्यानं अर्ज देल्ला. बुरुज चोरला म्हने. तिकडून हुकूम आला, ट्रॉल्या बंद.”

“पाहणी होईल,” मी म्हणालो. “निर्दोष असेल त्याला भीती नाही.”

“भीतीचं काय घेऊन बसला? तिकडं पानी चढन ना. वरचा तुकडा तसाच राहीन. मंग गाळ काय खामगावच्या बाजारातून आनू?”

मी पायडल मारत राहिलो. तटाच्या तुकड्यापाशी तो पुन्हा म्हणाला, “बुरुज कोन चोरीन बे? ठेवीन कोठी?” मला ओटा आठवला.

पाहणीच्या दिवशी तलाठी बाई आल्या. तरुण, कामाला चोख, उन्हामुळे डोक्यावर ओढणी घेतलेली. पंचनाम्याला दोन पंच लागतात. त्यांनी शेजारच्या शेताच्या मालकाला बोलावले, जो म्हातारा असून कमी ऐकतो. आणि दुसरा प्रतिष्ठित इसम म्हणून मास्तरलाच उभे केले. मी यावर हरकत नोंदवली. ज्याच्या शेतात घटना घडली तोच पंच कसा?

“काका, दुपारच्या वेळी दुसरं कोण मिळणार इथं?” बाई म्हणाल्या. “गुरुजी आहेत ना.”

त्यांनी तक्रार मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मास्तर बुरुजाच्या सावलीत उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या वाक्यालाच त्याने माझ्याकडे पाहिले. बाई खाली सहीपर्यंत पोचल्या तेव्हा त्याला ऐकायची गरज उरली नव्हती.

“तरीच म्हनलं,” तो म्हणाला, “‘सदर’ इतक्या डाव दुसरं कोन लिहीन.”

“काय म्हनते?” बहिऱ्या पंचाने विचारले.

“काही नाही, आबा. माह्या बाकावरचा पोरगा हाये हा. मले चोर म्हनते.”

“मी कोणाचेही नाव घेतलेले नाही,” मी म्हणालो. “कागद बाईंच्या हातात आहे.”

“म्हनूनच म्हनतो. नाव घेतलं असतं तं भांडता आलं असतं.”

बाईंनी आम्हा दोघांना गप्प केले आणि काम सुरू केले. बुरुजाच्या मागल्या अंगाला दगड निखळून पायऱ्यांसारखे झाले आहेत, तिथून त्या वर चढल्या. मी खाली उभा राहून विचारत होतो आणि त्या वरून सांगत होत्या. माथ्यावरच्या चर्या, म्हणजे कठड्याचे दगडी दाते, जागेवर आहेत. चुना जुना आहे. दगडांवर शेवाळ वाळून काळे पडले आहे. कोठेही ताजी खोदाई नाही.

“नीट पाहा,” मी म्हणालो.

“काका, तुम्हीच या वर.”

माझे गुडघे त्या कामाचे नाहीत. मी खालीच भिंतीभोवती फिरलो. मला तेव्हा खरोखर राग आला होता. बाईंवर, मास्तरवर, त्या शेवाळावर. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी कशी असेल? जंगी माझ्या डोळ्यांच्या रेषेत होती. ज्या जंगीत घरटे पाहायला मी मान वर करत असे, तिच्यात आता मी सरळ पाहू शकत होतो. मी हात घातला. आत तळाशी माती साचली होती, भुसभुशीत, काळी. मूठभर बाहेर काढली. तिच्यात बारीक, पांढरे, फुटके शिंपले होते.

गढीची माती पांढरी असते. शेताची काळी असते, पण शेतात शिंपले नसतात. शिंपले धरणात असतात.

मी पायाने जमीन दाबली. ती मऊ होती. बुरुजाच्या बुंध्याशी, जिथे जुने घडीव दगड जमिनीतून वर येताना दिसायचे, तिथे आता ते दगडच नव्हते. त्यांच्यावरचा थर जमिनीला टेकला होता. शेत वर आले होते, रस्त्याची कडही त्याच्याबरोबर वर आली होती, आणि त्या कडेवरून सायकल चालवणारा मीही वर आलो होतो. बुरुज होता तेवढाच होता. कोणी काही नेले नव्हते. आणून टाकले होते.

मी ते बाईंना सांगितले. लपवले नाही. पंचनाम्यात तसे लिहून घ्या, असेही सांगितले.

“मंग?” मास्तर म्हणाला. “चोरी म्हंजे नेनं ना, वकील? म्या तं आनून टाकली. आनून टाकनाराले कोनतं कलम हाये?”

“पुरणे ही चोरीपेक्षा वाईट गोष्ट आहे,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “चोरलेले परत मिळते. पुरलेले कोणी शोधतही नाही. आणखी चार उन्हाळे तू असाच गाळ टाकलास तर इथे बुरुज नसेल, टेकाड असेल, आणि त्यावर तू तूर पेरशील. शेतकी खाते तुला बक्षीस देईल.”

“खालच्या शेतात म्या गाळ टाकला, तो शेतासाठी. बुरुज मधात हाये, त्याले मी काय करू? त्याच्या पायापाशी आला की ट्रॉलीवाल्याले काय सांगू, भाऊ, हा इतिहास हाये, इथं फावडं हळू मार?”

“होय. तेच सांगायचे.”

“काय म्हनते?” आबांनी विचारले.

“फावडं हळू मारा म्हनते,” मास्तर म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता: “आन ओट्याचे दगड आमच्या हिच्या बापाच्या घराचे हायेत. भित पडली तवा आनले. तू चहा पिता पिता छिन्नीचे घाव पाहून राह्यला होता, मले दिसत नव्हतं का? म्या वाट पाह्यली. म्हनलं, हा विचारीन नीट. इतक्या वर्षाचा मानूस हाये, विचारीन.”

मी म्हणालो की मी विचारले होते. तो म्हणाला, “तसं नाही.”

सह्या झाल्या. जाताना तो माझ्या सायकलपाशी थांबला. “अर्ज मागं घे. ट्रॉल्या सुरू होऊ दे. पानी यायच्या आत वरचा तुकडा भरतो. मंग काय लेह्यचं ते लेह्य माह्यावर.”

अर्ज मागे घेणे ही दोन ओळींची गोष्ट होती. मी ती केली नाही, आणि का केली नाही हे मांडणे भाग आहे. मागे घेतलेला अर्ज म्हणजे घडलेच नाही असे म्हणणे. पण घडले होते. बुरुज खरोखर नाहीसा होत होता. मी फक्त दिशा चुकवली होती. न्यायालयात वादपत्रातला चुकीचा मजकूर दुरुस्त करता येतो, त्यासाठी अख्खा वाद सोडून द्यावा लागत नाही. मी दुरुस्तीचा अर्ज तयार केला: ‘नेले’ या शब्दाऐवजी ‘टाकून बुजवले’ असे वाचावे, ‘अज्ञात इसम’ हे शब्द वगळावेत, शेतमालकाचा कोणताही गैरहेतू नाही, वरच्या तुकड्यात गाळ नेण्यास अर्जदाराची हरकत नाही, मात्र बुरुजाच्या पायाभोवती बैलगाडी फिरेल एवढी जागा मोकळी करून ती तशीच ठेवावी. हा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला आणि दुसऱ्या सकाळी, सायकलने न जाता बसने, तालुक्याला घेऊन गेलो.

तिथल्या बाबूंनी तो उलटसुलट पाहिला.

“हे काय आहे, काका? तक्रार आहे का तक्रार मागे घेणं आहे?”

“दुरुस्ती आहे.”

“दुरुस्तीचा नमुना नाही आपल्याकडे. एकतर ठेवा, नाहीतर मागे घ्या.”

“नमुना नाही म्हणून सत्य दोनच प्रकारचे राहणार का?”

त्यांनी हा प्रश्न माझ्या वयाकडे पाहून सोडून दिला. अर्ज आवक झाला, शिक्का बसला, आणि साहेबांसमोर ठेवण्यासाठी एका गठ्ठ्यात गेला. ज्या कार्यालयाने ने-आण थांबवायला क्षणाचा विलंब लावला नव्हता, त्याला ती पुन्हा सुरू करायला सवड मिळेना. मी पुन्हापुन्हा गेलो. साहेब दौऱ्यावर. साहेब बैठकीत. गठ्ठा वरून खाली, खालून वर. मला संशय आहे की माझा अर्ज मुद्दाम तळाशी ठेवला जात होता, कारण माझी जुनी पत्रे तिथे सर्वांना पाठ होती आणि त्यांचा वचपा कोणाला तरी काढायचा होता. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मी बाकावर बसलेलो असताना माझे नाव आतल्या खोलीत उच्चारले गेले आणि त्यानंतर हसणे ऐकू आले, हे मी शपथेवर सांगेन.

त्या काळात मास्तर सायकलवर आला नाही. मी एकटाच काठाने जात असे आणि रोज पाणी किती वर सरकले ते पाहत असे. वरच्या भागात पाऊस झाला होता. ज्या खड्ड्यांतून गाळ निघत असे ते आधी चिखलाचे झाले, मग चकाकू लागले, मग दिसेनासे झाले. ने-आण पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला तेव्हा धरणातून उचलण्यासारखा गाळ उरला नव्हता. आदेशात माझी अट मात्र अक्षरशः घेतली होती: बुरुजाच्या पायाभोवती बैलगाडी फिरेल एवढी जागा मोकळी करावी.

मी त्याच दिवशी शेतावर गेलो. ट्रॉली बुरुजाला लागून उभी होती आणि दोन मजूर बुंध्याशी साचलेला गाळ उचलून तीत भरत होते. दुसरीकडे कोठे गाळच नसल्याने मास्तरने तो वरच्या तुकड्यासाठी घेतला होता. फावड्याखालून जुने घडीव दगड, ओलीने काळेभोर झालेले, पुन्हा बाहेर येत होते. मला जे हवे होते ते माझ्यासमोर घडत होते. वहिनी बांधावर मजुरांचा चहा घेऊन बसल्या होत्या.

“या भाऊजी. चहा घेता, का पंचनामा बाकी हाये?”

मी चहा घेतला. “मास्तर?”

“वर हायेत.” त्यांनी तुकड्याकडे हात केला. “आज नका जाऊ.”

“गाळ पुरेल का वहिनी?”

“अर्ध्याले पुरन,” त्या म्हणाल्या, आणि कप घेऊन विसळायला उठल्या.

अर्ध्यालाच पुरला. त्या वर्षी वरच्या तुकड्याच्या एका अंगाला तूर आली, चांगली, कमरेच्या वर. आणि दुसऱ्या अंगाला तरोटा. मधली रेषा इतकी सरळ होती की ती काठाच्या रस्त्यावरूनही दिसे. मी ती रोज पाहत असे. बुरुज आपल्या पायावर उभा होता, आणि वर ती रेषा होती, आणि दोन्ही माझ्या अर्जाचे फळ होते. एकाचा मला अभिमान आहे. दुसऱ्याबाबत मी कोणत्याही कार्यालयाला काही लिहू शकलो नाही.

तूर फुलावर आली तेव्हा एका सकाळी मास्तर नेहमीच्या वळणावर सायकल घेऊन उभा दिसला.

“चाल,” तो म्हणाला.

आम्ही निघालो. तो निवडणुकीबद्दल बोलला, नातवाच्या शाळेबद्दल बोलला, शिक्षकांना हल्ली शिकवण्याखेरीज सर्व कामे असतात असे म्हणाला. वेस गेली. तटाचा तुकडा गेला. त्यापुढे एक फाटा आहे: डावीकडे काठाचा रस्ता बुरुजाकडे जातो, उजवीकडे डांबरी रस्ता टेकडीला वळसा घालून पलीकडे पुन्हा काठाला मिळतो. मास्तरने सायकल उजवीकडे घातली.

“काठानं माह्या गुडघ्याले तरास होते,” तो वळता वळता म्हणाला. “तू ये तिकून. पुढं भेटू.”

काठाचा रस्ता सपाट आहे. डांबरी रस्त्याला चढ आहे, आणि तोही असा की गिअरच्या सायकलवरून उतरावे लागते. गुडघ्याचे कारण कोणत्याही न्यायालयात एक मिनिट टिकले नसते. मी तोंड उघडले होते, आणि मग मिटले, आणि डावीकडे वळलो.

तेव्हापासून रोज असेच होते. बुरुजाचा तेवढा पट्टा मी एकटा जातो. दोन्ही रस्ते जिथे मिळतात तिथे मी आधी पोचतो, खाली उतरतो आणि त्याची वाट पाहतो आहे असे दिसू नये म्हणून साखळीशी काहीतरी करत बसतो. थोड्या वेळाने तो चढ उतरून येतो, घामाघूम, धापा टाकत.

“काय झालं साखळीले?”

“काही नाही,” मी म्हणतो, आणि आम्ही पुढे जातो.